नागपुरात निवडणुकीआधी वस्तीत राजकीय माहितीपट दाखवला, तर मतदान वाढेल का?

नुसत्या माहितीपटाने फारसं नाही. चर्चा मात्र तापते. पाहायला येतात ते बहुधा एरवीही मतदान करणारेच. खरी गळती मतदार यादीत असते: घर बदललं, नाव जुन्याच केंद्रावर राहिलं. (१९ एप्रिल २०२४ ला नागपूर लोकसभेत जेमतेम ५४ टक्के मतदान झालं, उन्हाचाही वाटा धरा.) म्हणून खेळ निवडणूक जाहीर होण्याआधीच ठेवा आणि दाराशी टेबल लावून नवमतदारांचा नोंदणी अर्ज (नमुना ६), पत्ता बदललेल्यांचा अर्ज (नमुना ८) तिथेच भरून घ्या. सार्वजनिक खेळाला सेन्सॉर प्रमाणपत्र लागतं. आणि मतदान संपण्याआधीच्या ४८ तासांत प्रचारकी काही दाखवलंत, तर लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२६ खाली २ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.