टिकाऊ टोमॅटो आणि त्यांची साठवण

प्रश्न : आमच्या परसात माघात इतके टोमॅटो निघतात की शेजारीपाजारी वाटूनही उरतात, आणि जूनमध्ये मात्र ते विकत घ्यावे लागतात. परदेशात महिनोन्‌महिने टिकणाऱ्या जाती आहेत असे ऐकले. त्या आमच्याकडे लावता येतील का? फ्रीजमध्ये ठेवलेले टोमॅटो बेचव का लागतात? घरचे बी धरले तर चालेल का? (एक वाचक, कागल)

उत्तर : आपण ऐकले ते खरे आहे. स्पेनमधील मायोर्का बेटावर टोमॅटो दोऱ्यात ओवून टांगतात, तर इटलीत व्हेसुव्हियसच्या उतारावरचे ‘पिएन्नोलो’ टोमॅटो उन्हाळ्यात तोडून घोसाघोसांनी लटकवतात आणि ते हिवाळाभर पुरवतात. या फळांची साल जाड असते, आणि स्पेनच्या अशा जातींत पिकण्याची क्रिया मंदावणारा जनुकीय बदलही आढळतो. परंतु हा टिकाऊपणा बियाण्याइतकाच हवामानाचाही आहे : तिकडे तोडणीनंतर थंडी येते, आपल्याकडे मात्र चैत्र-वैशाखाचे ऊन. म्हणून माघातले फळ मृगापर्यंत ताजे राहील, अशी आशा मी आपल्याला दाखवणार नाही.

आपल्याकडे बेंगळुरूच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेचा ‘अर्का रक्षक’ हा संकरित वाण लावावा. त्याची घट्ट फळे 15 ते 20 दिवस टिकतात, आणि पर्णगुच्छ, जिवाणूजन्य मर व लवकर येणारा करपा या तिन्ही रोगांना तो प्रतिकार करतो. कोल्हापूरचा मुख्य पाऊस सरल्यावर, सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरमध्ये रोपे लावावीत. नत्राचा मारा केल्यास फळ मऊ पडते, आणि वाफा कोरडा पडू देऊन एकदम भरपूर पाणी दिल्यास ते तडकते. तडकलेले फळ साठवणीत कधीही घेऊ नये.

खरी मेहनत काढणीच्या वेळी घ्यावी लागते. फळाच्या टोकाशी तांबूस छटा दिसू लागली की ते सकाळी, दव सुकल्यावर, हलक्या हाताने तोडावे. धुऊ नये. देठाची जागा खाली करून, एकमेकांना न टेकणारी फळे एकाच थरात, उन्हापासून दूर, वारा खेळेल अशा जागी मांडावीत. आंब्याची आढी घालतो तसा ढीग येथे चालत नाही, कारण एक नासले की शेजारची नासतात. शिवाय पिकलेल्या फळातून निघणाऱ्या इथिलीन वायूने उरलेली लवकर पिकतात. त्याच कारणाने केळी जवळ ठेवू नयेत. दर दोन दिवसांनी फळे तपासावीत.

अशा कच्च्या फळांना 13 ते 15 अंश तापमान मानवते. डिसेंबर-जानेवारीत आपल्या रात्री त्याच्या जवळपास असतात, म्हणून साठवण तेव्हा उत्तम साधते. 30 अंशांच्या वर मात्र लाल रंग नीट भरत नाही. फ्रीजमध्ये फळ फार गार पडल्याने पिकणे अडते आणि स्वाद आणणारी द्रव्ये तयार होणे थांबते, म्हणून ते बेचव लागते. पूर्ण पिकलेले फळ थोडे दिवस फ्रीजमध्ये ठेवण्यास हरकत नाही. खाण्याआधी तासभर बाहेर काढावे.

जूनची गरज भागवायची असेल, तर फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात पातळ चकत्या मीठ लावून कडकडीत वाळवाव्यात आणि घट्ट झाकणाच्या कोरड्या बरणीत भराव्यात. आमटीत त्या छान उतरतात.

बियांविषयी : संकरित वाणाचे बी धरल्यास पुढच्या पिढीत काही झाडे टिकाऊ, तर काही मऊ फळांची निघतात, म्हणून ते दरवर्षी नवे घ्यावे. घरचे बी हवेच असल्यास महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या ‘धनश्री’सारखा सरळ (संकरित नसलेला) वाण वेगळ्या वाफ्यात लावावा.