जँगो मॉडेलमधला वारसा: ओव्हरराइड केलेली मेथड का चालत नाही?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: जँगो या पायथॉनच्या वेब फ्रेमवर्कमध्ये लिहिलेल्या ग्रंथालयाच्या अ‍ॅपमध्ये ‘प्रकाशन’ हे पॅरेंट मॉडेल (डेटाबेसमधल्या टेबलाचं वर्णन करणारा क्लास) आहे, ‘पुस्तक’ आणि ‘मासिक’ ही त्याची चाइल्ड मॉडेल्स. विलंबशुल्काची मेथड दोन्हीकडे ओव्हरराइड केली आहे, म्हणजे पॅरेंटच्या जागी स्वतःची लिहिली आहे, पण सगळी प्रकाशनं काढून लूप फिरवला की दर वेळी पॅरेंटचीच मेथड चालते. मग पॅरेंटला अ‍ॅब्स्ट्रॅक्टच (स्वतःचं टेबल नसलेलं, फक्त वारसा देणारं मॉडेल) करून टाकावं का?

तुमचा पायथॉन कोड बरोबर आहे. तुम्ही ज्या क्लासच्या मॅनेजरला (मॉडेलसाठी डेटाबेसला क्वेरी करणारा भाग) विचाराल, त्याच क्लासचे ऑब्जेक्ट जँगो बनवून देतं. ‘प्रकाशन’च्या मॅनेजरवर ऑल() म्हटलं की क्वेरी फक्त प्रकाशनाच्या टेबलावर चालते, आणि एखादी ओळ पुस्तकाची की मासिकाची हे त्या टेबलात कुठेच लिहिलेलं नसतं. नात्याची नोंद असते चाइल्डच्या टेबलात. तिथे जँगो आपणहून एक वन-टू-वन फील्ड घालतं, नावाच्या शेवटी ‘_पीटीआर’ असलेलं, आणि तीच त्या टेबलाची प्रायमरी की, म्हणजे प्रत्येक ओळीची ओळख. त्यामुळे पुस्तकाकडून प्रकाशनाकडे सरळ जाता येतं. उलट दिशेने जाताना मात्र शोधावं लागतं.

ते शोधायचं असं: पॅरेंटच्या ऑब्जेक्टवर चाइल्ड क्लासचं नाव लोअरकेसमध्ये लिहिलं की चाइल्ड मिळतो. तो नसेल तर डझनॉटएक्झिस्ट ही एरर येते, म्हणून आधी पायथॉनच्या हॅझअ‍ॅट्र फंक्शनने तपासा. लूपमध्ये हे नुसतंच केलंत तर प्रत्येक ओळीमागे जादा क्वेरी जाईल, तेव्हा संबंधित ओळी एकाच क्वेरीत आणणाऱ्या सिलेक्ट_रिलेटेडमध्ये दोन्ही चाइल्डची नावं द्या. हे सगळं हाताने लिहायचा कंटाळा असेल तर जँगो-मॉडेल-युटिल्स या वेगळ्या पॅकेजमधला इनहेरिटन्समॅनेजर घ्या. त्याचं सिलेक्ट_सबक्लासेस() थेट पुस्तक किंवा मासिक हातात देतं.

आता अ‍ॅब्स्ट्रॅक्टचं. इथे घाई करू नका. पॅरेंटकडे कोणाची फॉरेन की (दुसऱ्या टेबलातल्या ओळीकडे बोट दाखवणारा फील्ड) येते, हे आधी बघा. तुमच्या ‘देवघेव’ मॉडेलची, म्हणजे कोणी काय नेलं-आणलं या नोंदींची, की ‘प्रकाशन’कडेच जाते. अ‍ॅब्स्ट्रॅक्ट मॉडेलला टेबलच नसतं, त्यामुळे त्याच्याकडे फॉरेन की लावता येत नाही. मग देवघेवीत दोन रिकाम्या राहू शकणाऱ्या की ठेवाव्या लागतील, नाहीतर कुठल्याही मॉडेलकडे बोट दाखवू शकणारी जेनेरिक फॉरेन की वापरावी लागेल, जिची शाश्वती डेटाबेस देत नाही. आधीच्यापेक्षा हे दुखणं मोठं. अ‍ॅब्स्ट्रॅक्ट शोभतो तो ‘नोंद केव्हा झाली, केव्हा बदलली’ असे फील्ड वाटून घ्यायला, जिथे सगळ्या चाइल्डची एकत्र यादी कधीच लागत नाही.

मी तुमच्या जागी असतो तर पुस्तक आणि मासिक यांचे वेगळे फील्ड मोजले असते. आयएसबीएन, अंक क्रमांक असे दोन-चारच असतील तर एकच टेबल, त्यात ‘प्रकार’ हा कॉलम, आणि विलंबशुल्काची मेथड प्रकार बघून हिशेब करणारी. जँगोच्या अ‍ॅडमिन पानांवर वेगळ्या याद्या हव्या असतील तर वर प्रॉक्सी मॉडेल (तेच टेबल वापरणारा वेगळा क्लास) घाला. फक्त प्रॉक्सीने तुमचा मूळ प्रश्न सुटेल असं समजू नका: ‘प्रकाशन’ला विचारलंत तर तिथेही ‘प्रकाशन’च मिळेल.

फील्ड बरेच वेगळे असतील तर आहे ती रचना राहू द्या, पण एक गोष्ट आजच तपासा. पुस्तक डिलीट केलं की पॅरेंटची ओळही जाते, आणि देवघेवीच्या कीवर कॅस्केड (मूळ ओळ गेली की तिच्याशी जोडलेल्या ओळीही काढणं) असेल तर त्या पुस्तकाचा सगळा इतिहास सोबत जातो. तिथे प्रोटेक्ट लावा, म्हणजे देवघेव असलेलं पुस्तक डिलीटच होणार नाही. फक्त चाइल्डची ओळ काढायची असेल तेव्हा डिलीटला कीप_पॅरेंट्स=ट्रू द्या. एकदम अनेक ओळी घालणारं बल्क_क्रिएट अशा चाइल्ड मॉडेलवर चालत नाही. आणि सेव्ह झाल्यावर येणारा पोस्ट_सेव्ह सिग्नल ‘प्रकाशन’वर लावला असेल तर पुस्तक सेव्ह केल्यावर तो येणार नाही, चाइल्डवर वेगळा लावावा लागेल.