नळी किती वर्षं टिकेल, हे सांगण्याची नोकरी

यावल तालुक्यातल्या एका केळी उत्पादक वडिलांचं पत्र आहे. मुलगी बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला, केमिस्ट्री घेऊन. उन्हाळ्याच्या सुट्टीत तिने जळगाव एमआयडीसीतल्या एका पाइप कारखान्याच्या लॅबमध्ये महिनाभर काम केलं आणि आता तिला पुढे हेच करायचं आहे. वडील लिहितात : ‘तिथे दिवसभर नळीचे बारीक तुकडे भट्टीत तापवतात आणि किती मिनिटं टिकले ते लिहून ठेवतात म्हणे. हे काय काम झालं? मामा म्हणतो बी.एड. कर, काका म्हणतात एमपीएससी दे. शिवाय प्लास्टिकवर बंदी येतेय, मग पोरीने त्यातच का शिरावं? आणि लांब एकटीला पाठवायचं का?’

भाऊ, पत्र वाचून झालं की शेडच्या मागे जा. जुन्या ड्रिपच्या नळ्यांची वेटोळी तिथे पडलेली असतीलच. त्यातली हातभर कापा आणि बोटांत दुमडा. नवी नळी दुमडून सोडली की सरळ होते. आठ-दहा उन्हाळे काढलेली असेल तर दुमडीच्या जागी केसाएवढ्या चिरा दिसतील, एखादी कडकन तुटेलही. मग ताडपत्री बांधायला आणलेली स्वस्तातली प्लास्टिकची दोरी बघा. एका उन्हाळ्यात तिचा भुगा होतो, हात पांढरे होतात.

नळी पॉलिइथिलीनची, दोरी बहुधा पॉलिप्रॉपिलीनची. दोन्ही एकाच घराण्यातल्या. पण नळीत दोन-तीन टक्के कार्बन ब्लॅक, म्हणजे काजळीसारखी काळी पूड, असतो. तो ऊन स्वतः पितो, आत जाऊ देत नाही. शिवाय त्यात अँटिऑक्सिडंट घातलेलं असतं, किलोमागे ग्रॅम-दोन ग्रॅम. दोरीवाल्याने हे दोन्ही वाचवले. एकीला दहा वर्षं मिळाली, दुसरीला दोन महिने. हा फरक माल शेतात जायच्या आधी कोणीतरी मोजून सांगायचा असतो, आणि तुमच्या लेकीने महिनाभर तेच केलं.

तिने ‘भट्टी’ म्हटलं ते यंत्र डीएससी असणार, म्हणजे तापवताना नमुन्यातून किती उष्णता आत-बाहेर होते ते मोजणारं. नखाच्या टोकावर मावेल एवढा तुकडा, काही मिलिग्रॅमचा, ॲल्युमिनियमच्या इवल्याशा वाटीत ठेवतात. नायट्रोजनच्या झोतात २०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात. तापमान स्थिर झालं की नायट्रोजन बंद करून ऑक्सिजन सोडतात आणि घड्याळ सुरू. पडद्यावर रेघ सरळ चालते. आतलं अँटिऑक्सिडंट संपलं की प्लास्टिक ऑक्सिजनशी भिडतं, उष्णता बाहेर पडते आणि रेघ एकदम वर उसळते. ती किती मिनिटांनी उसळली, हा आकडा म्हणजे ओआयटी, ऑक्सिडेशन इंडक्शन टाइम. पाण्याच्या पॉलिइथिलीन पाइपांच्या मानकांत २०० अंशाला निदान २० मिनिटांची अट असते. भंगार प्लास्टिक वितळवून केलेल्या दाण्याची नळी दोन-तीन मिनिटांतच उसळते. बाहेरून दोन्ही सारख्याच काळ्या आणि चकचकीत.

हे रसायनशास्त्र तुमच्या घरात रोज घडतं. उन्हाळ्यात डब्यातले शेंगदाणे खवट होतात ना? तीच गोष्ट. तेलाच्या एका रेणूतला हायड्रोजन निघून जातो, उघड्या जागी हवेतला ऑक्सिजन बसतो, आणि बिघडलेला रेणू शेजारच्याचा हायड्रोजन ओढून त्यालाही बिघडवतो. ढवळ्याशेजारी बांधला पवळा, वाण नाही पण गुण लागला. अँटिऑक्सिडंट मध्ये पडतं, आपला हायड्रोजन देऊन टाकतं आणि साखळी तिथेच थांबते. ते आहे तोवर माल ठणठणीत, संपलं की घसरगुंडी. नळी, इंजिन ऑइल, खाद्यतेल, रबराची वायसर, सगळ्यांची कथा थोड्याफार फरकाने हीच. मला हा विषय आवडतो तो म्हणूनच.

आपल्या खानदेशात हे ज्ञान नवं नाही. अमळनेरला १९४५ साली ज्या वनस्पती तुपाच्या कारखान्यातून विप्रो सुरू झाली, तिथलं मूळ काम हेच : तेलातल्या ज्या दुहेरी बंधांमुळे ऑक्सिजनला हल्ला करणं सोपं जातं, ते हायड्रोजनने भरून टाकायचे. तेल घट्ट होतं आणि लवकर खवट होत नाही. (त्यातल्या ट्रान्स फॅटचं प्रकरण पुढे निघालं, ते वेगळं.)

आता बंदी. २०१८ साली राज्याने आणि १ जुलै २०२२ पासून केंद्राने ज्यावर बंदी आणली त्यात पिशव्या, कप, चमचे, स्ट्रॉ असला एकदा वापरून फेकायचा माल आहे. ड्रिपची नळी, बोअरचा पाइप, वायरचं आवरण त्यात नाही. उलट पॅकेजिंगमध्ये पुनर्वापराचं प्लास्टिक घालण्याची सक्ती येते आहे, आणि त्याने या कामाची गरज वाढते. प्लास्टिक प्रत्येकदा वितळवलं की थोडं अँटिऑक्सिडंट खर्च होतं, साखळ्या तुटतात. जुन्या दाण्यात किती दम उरलाय आणि त्याला काय घालून पुन्हा उभं करायचं, हे मोजल्याशिवाय कळत नाही. पीव्हीसीचंही तसंच. तापवलं की त्यातून हायड्रोजन क्लोराईड सुटतो. तो रोखायला पूर्वी सर्रास शिशाची संयुगं घालत, २०२१ च्या केंद्राच्या नियमांनी ती पाइपांतून काढायला लावली. बदली आलेल्या कॅल्शियम-झिंकच्या स्टॅबिलायझरचं प्रमाण जुळवायला प्रत्येक कारखान्याला लॅबमध्ये बसणारं माणूस लागतंच.

आणि समजा पोरीला उद्या प्लास्टिक नकोसं झालं. भुसावळजवळच्या दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्रासारख्या ठिकाणी टर्बाइनमध्ये हजारो लिटर तेल वर्षानुवर्षं फिरत असतं. अशा तेलाचा नमुना १५० अंशाला, दाबाखालच्या ऑक्सिजनमध्ये, तांब्याच्या तारेसोबत फिरवतात आणि दाब किती मिनिटांनी पडतो ते बघतात. वेळ नव्या तेलाच्या पाव हिश्श्यावर आली की तेल बदलायचा विचार सुरू करायचा. औषध कंपन्यांत तर ‘स्टॅबिलिटी’ हा स्वतंत्र विभागच असतो. गोळ्या ४० अंश आणि ७५ टक्के आर्द्रतेच्या कपाटात सहा महिने ठेवून तपासतात. पाकिटावरची एक्स्पायरी अशा अभ्यासांतून येते. यंत्रं तीच किंवा त्यांची भावंडं, विचार तोच. तुमची लेक प्लास्टिक निवडत नाहीये. ‘किती टिकेल आणि आधी कसं ओळखायचं’ हा प्रश्न निवडतेय, आणि त्यावर अजून कोणी बंदी आणलेली नाही.

या कामातली खरी मेख मात्र तिला महिनाभरात कोणी सांगितली असेल असं वाटत नाही. २०० अंशाला २० मिनिटं टिकलेली नळी भुसावळच्या ४५ अंशाच्या उन्हात किती वर्षं टिकेल? दहा अंश वाढले की बिघाडाचा वेग दुप्पट, हा ढोबळ नियम लावून गणित मांडता येतं आणि ते बऱ्याचदा फसतं. २०० अंशाला प्लास्टिक वितळलेलं असतं, शेतात घट्ट असतं, दोन्हीकडे बिघाडाची वाट वेगळी. शिवाय शेतकरी नळी धुवायला ॲसिड सोडतो, क्लोरीन सोडतो. पॉलिहाऊसच्या प्लास्टिक कागदावर गंधकाची फवारणी होते आणि त्यातून होणारं आम्ल कागदात उन्हापासून बचावासाठी घातलेल्या अमाइन नावाच्या रसायनाला निकामी करतं. लॅबमध्ये पास झालेला कागद शेतात दुसऱ्याच वर्षी फाटतो तो असा. आकडा काढणं महिन्याभरात शिकता येतं. त्याचा अर्थ लावायला वर्षं लागतात, आणि चांगला पगार त्याचाच मिळतो.

शिक्षणाचं बोलू. आकडे काढण्यात आणि कारखान्यात तिचं मन रमत असेल तर सिपेट या केंद्र सरकारच्या प्लास्टिक संस्थेचा, विज्ञान पदवीनंतरचा, प्लास्टिक प्रोसेसिंग आणि टेस्टिंगचा दोन वर्षांचा डिप्लोमा मला सगळ्यात नेमका वाटतो. हात यंत्रावर बसतो. सिपेटचं केंद्र छत्रपती संभाजीनगरला आहे. कुठल्या केंद्रावर काय चालू आहे, ते प्रवेश परीक्षेचा अर्ज भरताना नीट बघा. ‘असं का होतं’ हे तिला झोपू देत नसेल तर मात्र एमएस्सी. ‘जाम’ परीक्षा दिली तर आयआयटीचं दार उघडतं, नाहीतर जळगावला आपलं विद्यापीठ आहेच, घरापासून एसटीच्या अंतरावर. पुढे ‘गेट’ परीक्षेत पॉलिमरचा, म्हणजे प्लास्टिक-रबराच्या रसायनाचा, वेगळा भाग निवडता येतो, आणि संशोधनासाठी मुंबईची आयसीटी (रसायन तंत्रज्ञान संस्था), पुण्याची एनसीएल (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) आहे. एमएस्सी करायची तर तिने प्रवेशाआधी विभागात जाऊन एकच विचारावं : डीएससी आणि टीजीए (तापवताना वजन किती घटतं ते मोजणारं यंत्र) विद्यार्थ्यांना स्वतः चालवायला देता का, की काचेतून दाखवता? उत्तरावरून ठरवा. बी.एड. पुढेही करता येईल. तिला शिकवायचंच नसेल तर मामाच्या समाधानासाठी नको.

वाईट बाजूही सांगतो. सुरुवातीचा पगार बेताचा असतो, छोट्या कारखान्यांत तर फारच. मालक लॅबला खर्च समजतो. आणि कधीतरी तिला कोणी म्हणेल, ‘मॅडम, सतरा आलंय ते वीस लिहा, गाडी भरून उभी आहे.’ मी मार्गदर्शनात येण्याआधी एका तेल कंपनीच्या लॅबमध्ये होतो, हे मीही ऐकलंय. मी नाही म्हटलं, पण मी काही साव नाही. एकदा घाईत डीएससीची सकाळची तपासणी मीच टाळली. इंडियमचा कण वितळवून बघायचा असतो, बरोबर १५६.६ अंशाला. आठवड्याने बघितला तर यंत्र चार अंश वर दाखवत होतं. पंचेचाळीस नमुने पुन्हा केले, रात्री जागून, आणि गेलेले सहा रिपोर्ट फोन करून मागे घेतले. ते सहा फोन करताना जीव नकोसा झाला होता. तुमच्या पोरीला अशी चूक लपवावीशी वाटेल की सांगावीशी, हे तुम्ही तिला ओळखता, तुम्हीच सांगू शकाल. या धंद्यात मार्कांइतकंच ते महत्त्वाचं आहे.

एकटीला पाठवण्याचं म्हणाल, तर ती महिनाभर रोज जळगावला जाऊन-येऊन कारखान्यात उभी राहिली. संभाजीनगरचं वसतिगृह त्यापेक्षा सोपं जाईल.

निकाल लागेपर्यंत तिला एक काम द्या. तुमच्याकडे येणारी दोन-तीन प्रकारची दोरी आणि नळीचे तुकडे गच्चीवर उन्हात बांधायचे, तेवढेच तुकडे आत पेटीत अंधारात ठेवायचे. दर रविवारी एकेक तुकडा काढून त्याला पाण्याची बादली टांगायची, किती लिटरला तुटला, की तुटलाच नाही, ते तारखेसह वहीत लिहायचं. त्या दिवसाचं कमाल तापमानही. एखाद्या रविवारी चुकलं तर ते तसंच लिहायचं, खोडायचं नाही. ही वही मुलाखतीत टेबलावर ठेवली तर समोरचा माणूस मार्कशीट बाजूला सारून आधी ती उघडेल.

आणि शेडमागची ती जुनी नळी तिच्या हातात देण्याआधी कोणत्या साली अंथरली होती ते आठवून ठेवा. तिचा पहिला प्रश्न तोच असणार.