नवीन दम लागलेल्या भावासाठी, आधी बिडी मग बाकीचं

भाऊ, सीओपीडी (फुफ्फुसाच्या नळ्या आवळून कायम दम लागायचा आजार) निघाला म्हणून घाबरू नको, पण औषधाचा तोंडाने ओढायचा पंप घेतोय ना मग दोन बिड्या चालतील असं मनात पण आणू नको, मी तेच केलं आन् दोन हिवाळे खोकण्यातच गेले. गेलेलं फुफ्फुस परत येत नाही, पण बिडी सुटली की पुढची घसरण मंदावते, हे मला लय उशिरा कळलं. तलफ पाच-दहा मिनिटंच जोर करते, तेवढ्यात पाणी पी, उठून मळ्याकडे हळूहळू चक्कर मार, आणि पारावरच्या बिडीवाल्या मंडळीत महिनाभर तरी बसूच नको. बिडीच्या जागी तंबाखू मळायला लागू नको, आमच्या गावात निम्मे तिथंच अडकले. डॉक्टरला विचारून निकोटिन गम (तलफ कमी करायचं चघळायचं औषध) घेतलास तर हळू चघळ, झिणझिण्या आल्या की गालात दाबून ठेव, चहासोबत नको, गुण येत नाही. एकट्याने जमत नसेल तर बिडी-तंबाखू सोडवायच्या सरकारी नंबरावर, 1800-112-356 वर फोन कर, पैसे लागत नाहीत. आणि हो, चुलीत पऱ्हाटी जळते तेव्हा तिथं बसू नको, वहिनीच्या छातीला पण तो धूर वाईटच आहे, जमलं तर गॅसच वापरा. पंप स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) लावून घे, औषध ओढलं की श्वास 10 सेकंद धर, स्टिरॉइडवाला असला तर नंतर चूळ भर.