लग्नाचे व्हिडिओ, ४ जीबीचं कार्ड आणि १२ हप्ते

प्रश्न (नाशिकच्या एका वाचकाचा, थोडक्यात): वय २९. घरी पत्नी आणि दोन वर्षांची मुलगी. पगार हातात ४१,००० रुपये. घरखर्च ३०,०००, बाइकचा हप्ता ३,८०० (नोव्हेंबरात संपतो), एसआयपी ३,०००. बँकेत ५५,००० शिल्लक. रात्री आणि रविवारी लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो, रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरच्या मोफत आवृत्तीवर. गेल्या हंगामात ३,५०० रुपयांप्रमाणे १६ कामं झाली. पीसी २०१९ चा: आय-५ ९४००एफ, १६ जीबी रॅम, ४ जीबीचं जीटीएक्स १६५० ग्राफिक्स कार्ड, ४५० वॉटचा एसएमपीएस (पॉवर सप्लाय). मशीन अडकतं म्हणून मे महिन्यात ४ कामं सोडली. नवं आरटीएक्स ५०६० कार्ड ऑनलाइन ३१,००० ला आहे, १२ महिने नो कॉस्ट ईएमआय. दुकानात रोख २९,५००. वापरलेलं आरटीएक्स ३०६०, १२ जीबीचं, १७,५०० ला मिळतंय. मित्र म्हणतो, टॅक्समध्ये वाचतील, शिवाय मेमरी महागल्यामुळे कार्डं अजून चढतील, आत्ताच घे. बायको म्हणते, हे सगळं गेमसाठी चाललंय. काय करू?

उत्तर: आधी गेमचं बघू. पत्नीचं म्हणणं तुम्ही पत्रात कुठेच खोडून काढलेलं नाही, तेव्हा त्यात तथ्य आहे असं मी धरतो. त्यात गैर काही नाही. दिवसभर राबणाऱ्या माणसाने रात्री तासभर गेम खेळला तर कुणाचं काही बिघडत नाही. पण मग त्यासाठीचे पैसे हौसेच्या खात्यातून जायला हवेत, आणि सगळे खर्च वजा जाता तुमच्या हातात महिन्याला उरतात ४,२००. त्यातले २,५८३ वर्षभर हप्त्यात गेले तर मुलीच्या तापालाही क्रेडिट कार्ड काढावं लागेल. म्हणून खाली फक्त धंद्याचा हिशोब मांडतो. तो जमला तर गेम फुकटात.

धंद्यात एकच आकडा कामाचा आहे: सोडलेली ४ कामं, म्हणजे १४,००० रुपये. बाकीची १६ कामं याच मशीनवर झाली, ती नव्या कार्डाच्या नावावर जमा करता येत नाहीत. आता खर्च. या कार्डांची चिप बनवणारी एनव्हिडिया ५०६० साठी ५५० वॉटचा पॉवर सप्लाय सुचवते. तुमचा ४५० चा आहे आणि तोही २०१९ चा. त्या जुन्या डब्यावर नवं कार्ड चढवू नका. चांगल्या कंपनीच्या एसएमपीएसचे ४,००० धरा. म्हणजे रोखीने ३३,५००. दर वर्षी १४,००० जास्त आले, तरी वसूल व्हायला दोन वर्षं आणि वर चार-पाच महिने लागतात. धंद्याच्या वस्तूला हे वाईट नाही. मात्र ती ४ कामं खरोखर कार्डामुळेच गेली असतील तर.

आणि तिथेच मला शंका आहे. मे महिन्यात तुमच्याकडे रात्री आणि रविवार एवढाच वेळ होता. मशीन अडलं की माणूस अडला, हे तुम्हालाच ठरवायचंय, पण अंदाजाने नको. एखाद्या जुन्या लग्नाचा प्रोजेक्ट उघडा, बाजूला टास्क मॅनेजर लावा, परफॉर्मन्सच्या टॅबवर जा आणि टाइमलाइन चालवा. सीपीयू (प्रोसेसर) शंभर टक्क्यांना टेकलाय आणि जीपीयू (ग्राफिक्स कार्ड) वीस-पंचवीसवर निवांत बसलाय, तर एडिटला लागणाऱ्या साध्या प्रक्रियेत कार्ड कमी पडत नाहीये. जीपीयूच्या पानावर 'व्हिडिओ डिकोड' नावाचा आलेख असतो. तो शून्यावर पडून असेल तर फुटेज उलगडायचं सगळं ओझं प्रोसेसरवर पडतंय. आणि 'डेडिकेटेड जीपीयू मेमरी' ४ जीबीच्या छताला लागली असेल, रिझॉल्व्हही मेमरी भरल्याचा निरोप देत असेल, तर मात्र कार्ड तोकडं आहे हे मान्य.

डिकोडचा आलेख शून्यावर का असू शकतो, हे नीट समजून घ्या, कारण तुमचे १७,५०० त्यावर ठरणार आहेत. तुम्हाला फुटेज देणारा फोटोग्राफर कोणत्या कॅमेऱ्यावर, कोणत्या सेटिंगला शूट करतो? सोनीच्या अलीकडच्या बऱ्याच कॅमेऱ्यांत १० बिट ४:२:२ चं एच.२६५ (रंगांची जास्त माहिती ठेवणारा, दाबून साठवलेला व्हिडिओ) शूट करता येतं. रंग छान सुधारता येतात म्हणून लग्नवाले ते आवडीने वापरतात. हा प्रकार एनव्हिडियाच्या कार्डांत हार्डवेअरवर उलगडायची सोय ५० च्या मालिकेपासून आली. तुमचं १६५० ते करत नाही, आणि ३०६० सुद्धा करत नाही, १२ जीबी मेमरी असली तरी. तुमचा प्रोसेसर 'एफ' वाला, म्हणजे त्यात अंगचं ग्राफिक्स नाही, त्यामुळे तीही वाट बंद. फुटेज असलं असेल तर वापरलेलं ३०६० घेऊन टाइमलाइन होती तिथेच अडकेल. फुटेज साधं ८ बिट असेल तर गोष्ट वेगळी. ५०६० चा फायदा मोफत रिझॉल्व्हमध्ये मिळतो की स्टुडिओ आवृत्ती विकत घ्यावी लागते, हेही आधी तपासा. लागत असेल तर ती रक्कमही ३३,५०० वर चढवा.

दरम्यान फुकटचा उपाय: प्रॉक्सी. रविवारी रात्री झोपण्याआधी सगळ्या क्लिप निवडून 'जनरेट प्रॉक्सी मीडिया' लावून द्या. सकाळी हलक्या प्रती तयार. एडिट त्यांच्यावर करायचं, शेवटचं एक्सपोर्ट मूळ फाइलींवरून, तेही रात्री. एक्सपोर्टला ४० मिनिटं लागतात की १५, याने तुमच्या खिशात काही पडत नाही. तुम्ही तेव्हा घोरत असता. डिस्कवर जागा मात्र लागेल.

मित्राचे दोन्ही मुद्दे घेऊ. टॅक्स: कॉम्प्युटरवर वर्षाला ४० टक्के घसारा (उत्पन्नातून वजावट) मिळतो, वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरला तर त्याच्या निम्मा. हे खरं. पण तुमचा पगार आणि एडिटिंग मिळून वर्षाचं उत्पन्न साडेपाच लाखांच्या आसपास. २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या अशा उत्पन्नावर रिबेटमुळे कर शून्य. शून्यातून काय वाचवणार? जीएसटीचंही तेच. ३१,००० मध्ये सुमारे ४,७३० रुपये जीएसटी आहे, पण तुमची उलाढाल पाहता नोंदणीची गरज नाही, म्हणून भरलेल्या जीएसटीचं क्रेडिटही नाही. एडिटिंगचं उत्पन्न रिटर्नमध्ये मात्र दाखवत चला. कर लागत नाही म्हणून लपवायचं कारण नाही. उद्या गृहकर्जाला बँक हेच कागद मागेल.

महागाई: २०२५ च्या शेवटी एआयच्या डेटा सेंटरांच्या मागणीने मेमरी भडकली, हे मित्र बरोबर सांगतो. पण समजा कार्ड दहा टक्क्यांनी चढलं, तर तुमचं नुकसान तीन हजारांचं. आणि आत्ता घेतलं तर? आत्ता चातुर्मास आहे. तुळशीच्या लग्नापर्यंत मुहूर्त नाहीत, म्हणजे कामं नाहीत. कार्ड चार महिने रिकामं बसेल (बरं, रिकामं नाही, गेम चालतील!), वॉरंटीचे दिवस सरत राहतील आणि हप्ता मात्र ऑगस्टपासून सुरू.

नो कॉस्टबद्दल. यात बँक व्याज लावतेच, विक्रेता तेवढी सूट किमतीत देतो. त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी तुम्ही भरता, वर प्रोसेसिंग फी. ३१,००० वर, १५ टक्के दर धरला तर, हे सगळं साडेसहाशेच्या घरात जातं. त्यात दुकानातल्या रोखीच्या भावाचे १,५०० मिळवा. २,१५० रुपये 'नो कॉस्ट'! शून्य टक्के व्याज असं काही नसतं, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना सुनावलं होतं. एखादा महिना बिल पूर्ण भरायचं राहिलं तर पुढचं व्याज महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास असतं.

वापरलेल्या ३०६० बद्दल: इथेरियम या आभासी चलनाची नाणी ग्राफिक्स कार्डांवर कमावणं, म्हणजे मायनिंग, सप्टेंबर २०२२ मध्ये बंद झालं आणि रात्रंदिवस राबवलेली कार्डं बाजारात उतरली. समोरचं त्यातलं आहे की नाही, चेहऱ्यावरून कळत नाही. मूळ बिल नसेल तर मी बघायलाही जाणार नाही. बिल असेल तर वीस मिनिटं पूर्ण लोडवर चालवून तापमान आणि पंख्याचा आवाज बघा, मगच पैसे काढा.

तर माझं मत: आत्ता काहीच घेऊ नका. ५५,००० ला हात लावू नका. घरखर्च आणि हप्ता धरून ते जेमतेम दीड महिन्याचं रेशन आहे, निदान लाखभर हवेत. बाइकचा हप्ता संपला की डिसेंबरपासून तेच ३,८०० वेगळ्या रिकरिंगमध्ये टाका. तुळशीच्या लग्नानंतरची कामं प्रॉक्सीवर करा, त्यातले निम्मे पैसे त्याच खात्यात. मार्चअखेर २८,०००-३०,००० जमायला हरकत नाही. तोवर पुन्हा कामं परत करावी लागली आणि टास्क मॅनेजरनेही कार्डाकडेच बोट दाखवलं, तर मेच्या गर्दीआधी रोखीने नवं घ्या, ५०६० किंवा तेव्हा त्या भावात जे असेल ते. जुन्या १६५० चे पैसे हातात पडेपर्यंत हिशोबात धरू नका. विंडोज ११ तुमच्या प्रोसेसरवर चालतं, तेव्हा 'पीसीच बदल' असं कुणी म्हणालं तर कान देऊ नका.

आणि हिशोबात कामं वाढली नाहीत, पण खात्यात पैसे जमलेत, आणि तुम्हाला गेमच खेळायचाय, तरीही घ्या. फक्त तेव्हा घरात धंद्याचं नाव सांगू नका.