दोन कागद, तीन माणसं

प्रिय,

युद्धकाळातली प्रेमकथा लिहायला घेतली आहेस आणि त्याआधी 'कासाब्लांका' हा 1942 चा हॉलिवूड चित्रपट नीट अभ्यासायचा आहे, असं तू कळवलंस. चांगली निवड आहे. एक धोका मात्र आधीच सांगतो. या चित्रपटाकडे शिकायला जाणारे बहुतेक जण विमानतळावरच्या धुक्यात अडकतात. रेनकोट, हॅट, भरलेले डोळे, घरघरणारं विमान एवढं उचलतात आणि तसाच एक निरोप लिहून टाकतात. तो कोरडा का वाटतो, हे मग त्यांना उमगत नाही. त्या निरोपाचं वजन आधीच्या दीड तासात, दोन कागदांवर साठत आलेलं असतं.

चित्रपट 102 मिनिटांचा आहे. पहिल्यांदा मध्ये न थांबता बघ. दुसऱ्यांदा वही घेऊन बस आणि प्रत्येक प्रसंगासाठी एकच ओळ लिही: कोण, कोणाकडे, काय. क्रियापदं मात्र मोजकीच वापरायची: मागतो, देतो, नाकारतो, लपवतो, खोटं बोलतो. 'भेटतात', 'बोलतात', 'आठवतात' ही क्रियापदं या वहीत चालणार नाहीत. त्यांच्यावाचून एखाद्या प्रसंगाची ओळ लिहिता येत नसेल, तर तिथे खूण कर. अशा खुणा फार थोड्या पडतील आणि बऱ्याचशा पॅरिसच्या फ्लॅशबॅकमध्ये पडतील. त्याबद्दल पुढे लिहितो.

आता त्या कागदांचा माग काढ. सुरुवातीला नकाशा आणि निवेदन आहे. जर्मनांच्या हाती पडलेल्या युरोपातून निघालेले निर्वासित पॅरिसहून मार्सेय, तिथून समुद्र ओलांडून ओरान, मग आफ्रिकेच्या कडेकडेने कासाब्लांका असा प्रवास करतात. पुढे लिस्बन आणि लिस्बनहून अमेरिका. मोरोक्कोतल्या या कासाब्लांकात व्हिशी सरकारचा, म्हणजे जर्मनांशी जुळवून घेतलेल्या फ्रेंच सरकारचा अंमल आहे आणि बाहेर पडायला परवाना लागतो. ज्याला तो मिळत नाही तो वाट बघत बसतो. एवढं कळलं की प्रेक्षकाला सगळा भूगोल कळला. नंतर सुरुवातीच्या पंधरा-एक मिनिटांतच उगार्ते नावाचा भेदरलेला दलाल तिथल्या एका कॅफेचा अमेरिकन मालक रिक याच्या हातात दोन प्रवासपत्रं ठेवतो. ती दोन जर्मन टपालदूतांना मारून मिळवलेली आहेत आणि त्यांवर कोणाचंही नाव नाही. उगार्ते सांगतो, ही पत्रं रद्द करता येत नाहीत, त्यांच्यावर शंकाही घेता येत नाही. असे कागद प्रत्यक्षात कधी नव्हते. नियम एकदाच, स्पष्ट आणि लवकर सांगितला म्हणून प्रेक्षक तो मान्य करतो. हाच नियम तासाभराने सांगितला असता, तर लेखकाने सोयीची पळवाट काढली असं वाटलं असतं. तुझ्या कथेतली अडचण कुठल्याही सरकारी खात्याच्या नियमात बसली नाही तरी चालेल, पण ती पहिल्या पाव तासात आणि एका वाक्यात सांगता आली पाहिजे.

रिक ती पत्रं कॅफेतल्या गायक-वादक सॅमच्या पियानोत लपवतो, उगार्ते पकडला जातो आणि त्यानंतर रिकची पॅरिसमधली प्रेयसी इल्सा दारातून आत येते, नवऱ्याबरोबर. नवरा म्हणजे लाझलो, नाझींविरुद्धच्या लढ्याचा नेता. कागद दोन आणि माणसं तीन. इथून पुढची पटकथा हे दोन कागद तिघांत वाटून बघण्यातच जाते. मला सगळ्या चित्रपटात सर्वांत मोलाची वाटते ती ही वाटणी, आणि तिच्याकडे लोकांचं लक्ष सर्वांत कमी जातं.

वहीच्या एका पानावर प्रत्येक वाटणी लिहून काढ. काळ्या बाजारातला फेरारी सांगतो, एकट्या इल्साचा परवाना कदाचित जमवता येईल. लाझलो तिला जा म्हणतो, ती जात नाही. लाझलो रिकला एक लाख फ्रँक देऊ करतो, मग दोन लाख. रिक म्हणतो, दहा लाख किंवा तीस लाख दिलेत तरी उत्तर हेच, आणि कारण तुमच्या बायकोला विचारा. रात्री इल्सा पिस्तूल रोखते, पण गोळी झाडू शकत नाही. मग तीच सुचवते, लाझलोने जावं, मी इथे तुझ्याजवळ राहते. पुढे लाझलो, ज्याला सगळं आधीच कळून चुकलं आहे, स्वतः रिकला सांगतो: पत्रं मला देत नसशील तर नको देऊ, पण ती वापरून तिला इथून घेऊन जा. मग रिक पोलीसप्रमुख रेनोला खोटं सांगतो की इल्सा आणि मी निघतोय, लाझलोला मी तुझ्या ताब्यात देतो. शेवटी विमानतळावर रेनोला पत्रांवर नावं भरायला लावतो: श्री. व सौ. लाझलो.

जवळजवळ प्रत्येक शक्यता कोणीतरी मोठ्याने बोलून दाखवलेली आहे. त्यातही तिघंही जण कधी ना कधी स्वतःची जागा दुसऱ्याला द्यायला तयार होतात. म्हणून शेवटची वाटणी येते तेव्हा ती लेखकाने लादलेली वाटत नाही. बाकीच्या सगळ्या वाटण्या तोवर आपल्या डोळ्यांदेखत मोडलेल्या असतात. नवखे लेखक इथेच चुकतात. दोन शक्यता ठेवतात, हा किंवा तो, आणि मग नायिकेला तीन पानं रडवतात.

रिक बदलतो कुठे? विमानतळावर नक्कीच नाही. अनीना या बल्गेरियन नवविवाहितेचा प्रसंग पुन्हा पुन्हा बघ. परवान्यासाठी रेनो तिच्याकडून काय मागतोय ते ती थेट म्हणत नाही. एवढंच विचारते की एखाद्या बाईने नवऱ्याच्या सुखासाठी वाईट काही केलं आणि ते मनात कायमचं बंद करून ठेवलं, तर त्याने तिला क्षमा करावी का. रिक तुटक उत्तर देऊन उठतो. मग रूलेच्या टेबलाशी जाऊन तिच्या नवऱ्याला 22 वर लावायला सांगतो. 22 येतो. तिथेच राहू दे म्हणतो. पुन्हा 22 येतो. आता पैसे घे आणि परत येऊ नकोस. या सगळ्यात प्रेमाचा एक शब्द नाही. पण इल्साने पॅरिसमध्ये जे मनात ठेवलं, म्हणजे नवरा जिवंत असल्याचं कळूनही रिकला सांगितलं नाही, त्याचीच छोटी प्रतिकृती रिकच्या समोर येऊन गेली आहे, आणि कोणासाठी मान पुढे करत नाही म्हणणाऱ्या माणसाने स्वतःच्याच जुगारखान्याला तोटा करून दिला आहे.

त्याच रात्री लाझलोला नकार मिळतो आणि खाली जर्मन अधिकारी गाऊ लागतात. लाझलो वाद्यवृंदाला 'ला मार्सेय्येज' हे फ्रान्सचं राष्ट्रगीत वाजवायला सांगतो, वादक रिककडे बघतात आणि रिक मानेनेच होकार देतो. इतकंच. हा प्रसंग सगळे देशभक्तीसाठी लक्षात ठेवतात. तू मात्र मध्ये येणारे इल्साच्या चेहऱ्याचे शॉट बघ. ती लाझलोकडे बघते आहे. हिला या माणसाला सोडून जाता येणार नाही, हे संवादाशिवाय इथे कळतं. प्रेमत्रिकोणात तिसऱ्या माणसाला वजन कसं द्यायचं, याचं इतकं चोख उत्तर मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. तिसरा माणूस दुष्ट किंवा दुबळा केला की त्रिकोण कोसळतो.

त्या गर्दीतले चेहरेही खरे आहेत. रिकने झिडकारलेली इव्हॉन झालेली मादलेन लबो आणि जुगाराचा टेबल सांभाळणारा मार्सेल दालिओ हे तेव्हाचे पतीपत्नी, 1940 मध्ये फ्रान्समधून निसटलेले. नाझी मेजर स्ट्रासर झालेल्या कॉनराड फाइटने 1933 मध्ये जर्मनी सोडली, त्याची पत्नी ज्यू होती. श्रेयनामावलीतल्या नटांपैकी अमेरिकेत जन्मलेले तिघेच: हम्फ्री बोगार्ट, डूली विल्सन आणि अनीना झालेली जॉय पेज. दिग्दर्शक मायकेल कर्टिझ हंगेरीचा. चित्रीकरण 25 मे ते 3 ऑगस्ट 1942 या काळात झालं, म्हणजे युद्ध कोण जिंकणार हे त्या खोलीत कोणालाच ठाऊक नव्हतं.

तिसऱ्यांदा बघताना आवाजाकडे लक्ष दे. 'अ‍ॅज टाइम गोज बाय' हे हर्मन हपफेल्डचं 1931 चं गाणं. संगीतकार मॅक्स स्टायनरला ते नको होतं, स्वतःचं गाणं घालायचं होतं. पण दृश्यं पुन्हा चित्रित करणं शक्य नव्हतं, कारण पुढच्या भूमिकेसाठी इन्ग्रिड बर्गमनने केस कापले होते. मग स्टायनरने तीच धून घेऊन पार्श्वसंगीत बांधलं. इल्सा सॅमला गायला लावते तेव्हा ती धून आपल्याला मिळते आणि त्यानंतर ती कुठेकुठे तुटक ऐकू येते ते टिपून ठेव. आठवण ताजी करायला संवाद लागत नाही, चार सूर पुरतात. पण ते सूर आधी एकदा सबंध ऐकवलेले असावे लागतात.

आता पॅरिसचा फ्लॅशबॅक. मला तो चित्रपटाचा सर्वांत कच्चा भाग वाटतो. गाडीच्या मागे पडद्यावर पॅरिसचा रस्ता आणि बघता बघता गावाकडचा रस्ता, शॅम्पेन, गोड वाक्यं. कोणी काही मागत नाही, म्हणून काही घडत नाही. तो जिवंत होतो तो जर्मन सैन्य जवळ आल्यावर आणि स्टेशनवर पावसात इल्साच्या निरोपाच्या चिठ्ठीवरची शाई ओघळते तेव्हा. तुझ्या कथेत सुखाचे दिवस दाखवायचेच असतील, तर थोडक्यात दाखव आणि त्यांतही कोणीतरी काहीतरी लपवत असू दे.

शेवट काय करायचा हे चित्रीकरण सुरू असताना कोणालाच माहीत नव्हतं, ही दंतकथा तुला ऐकायला मिळेल. त्यात अर्धंच तथ्य आहे. ज्या नाटकावरून हे घेतलं, मरे बर्नेट आणि जोन अ‍ॅलिसन यांचं रंगमंचावर न आलेलं नाटक, त्यातही रिक दोघांना पाठवून देतोच. शिवाय हॉलिवूडची तेव्हाची आचारसंहिता विवाहितेला नवऱ्याला सोडून जाऊ देत नव्हती. पॅरिसमध्ये इल्सा नवरा मेला असं समजत होती, ही तजवीजही त्यासाठी उपयोगी पडली. अडत होतं ते एवढंच की तिला पाठवायचं कसं, म्हणजे ते पटेल. ज्युलियस आणि फिलिप एपस्टाइन, हॉवर्ड कॉच आणि श्रेयाविना केसी रॉबिन्सन यांनी यावर डोकं खपवलं. मैत्रीबद्दलचं ते प्रसिद्ध शेवटचं वाक्य तर चित्रीकरण संपल्यावर बोगार्टच्या आवाजात ध्वनिमुद्रित करून जोडलं.

रिक ज्या पावतीवर सही करतो तिच्यावरची तारीख थांबवून बघ: 2 डिसेंबर 1941. अमेरिकेला युद्धात ओढणाऱ्या पर्ल हार्बरवरच्या जपानी हल्ल्याला पाच दिवस बाकी. पुढे दारूच्या नशेत तो म्हणतो, अमेरिकेत सगळे झोपले असतील. एका माणसाचं अलिप्तपण आणि एका देशाचं अलिप्तपण असं एका तारखेने जोडलं आहे, आणि कोणीही त्यावर भाषण देत नाही.

दोन गोष्टींचं अनुकरण करू नकोस. एक, इल्सा रिकला सांगते की आता आपल्या सगळ्यांसाठी तूच विचार कर, आणि कथेची सर्वांत मोठी निवड तिच्या हातून जाते. वाटण्यांचा हिशेब तिलाही पूर्ण ठाऊक असता, तर तो निरोप आणखी जड झाला असता. दुसरी, मोरोक्कोत घडणाऱ्या या कथेत मोरोक्कोची माणसं दारवान, फेरीवाले आणि गर्दी एवढीच आहेत. निर्वासितांचं दुःख खरं आहे, पण ते ज्यांच्या घरात बसून वाट बघतात त्या माणसांना काय हवं आहे, हे कोणी विचारत नाही. तुझी कथा जिथे घडते तिथल्या माणसांना किमान एक मागणी दे.

आता कामाचं. संवाद बाजूला ठेव. एका कोऱ्या कागदावर तुझ्या कथेतली ती अपुरी गोष्ट लिही. आगगाडीतली जागा, औषध, नाव बदललेला दाखला, काहीही, पण मोजता येईल अशी आणि माणसांपेक्षा एकाने कमी. खाली तिच्या निदान पाच वाटण्या लिही. प्रत्येकीसमोर ती कोण सुचवतं आणि कशामुळे मोडते ते लिही. दोन वाटण्या एकाच कारणाने मोडत असतील, तर त्यातली एक खोड. ते एक पान आधी पाठव, मग निरोपाच्या प्रसंगाकडे वळू.

तुझा,
एक जुना पटकथा-वाचक