कुलूप शाबूत, मग आत कोण?

प्रश्न : टिळक रस्त्याजवळ आमचं करसल्लागाराचं छोटं ऑफिस आहे. विंडोज सर्व्हर ऑफिसातच असतो. आमच्याकडे कामाला असलेली तीन मुलं संध्याकाळनंतर कोथरूड, वाकड आणि हडपसरहून रिमोट डेस्कटॉपने, म्हणजे घरच्या कॉम्प्युटरवरून ऑफिसचा सर्व्हर उघडून, काम करतात. कोण कुठून आलं हे टिपणारा प्रोग्रॅम भाच्याने लिहून दिलाय. गेल्या आठवड्यात रात्री सव्वाअकराला त्यात १९२.१६८.१.७ असा पत्ता उमटला. ऑफिसातल्या सगळ्या कॉम्प्युटरचे पत्तेही १९२.१६८.१ नेच सुरू होतात. त्या दिवशी कुलूप मी स्वतः लावलं होतं. कुणी दुसरी किल्ली करून घेतली असेल का?
— एक वाचक, सदाशिव पेठ

उत्तर : किल्लीवाल्याकडे जाऊ नका. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते खाजगी वापरासाठी राखून ठेवलेले आहेत, १९९४ पासून. ते कुणाच्या मालकीचे नसतात. तुमच्या ऑफिसात .७ आहे, तसा वाकडच्या फ्लॅटमधल्या वायफायच्या डब्यानेही कुणाला तरी .७ दिलेला असतो; कधी लॅपटॉपला, कधी टीव्हीला.

भाच्याचा प्रोग्रॅम बहुधा विंडोजलाच विचारतो, ‘या सेशनच्या क्लायंटचा पत्ता काय?’ (सेशन म्हणजे सर्व्हरवर उघडलेली कामाची बैठक, क्लायंट म्हणजे ती उघडणारा पलीकडचा कॉम्प्युटर.) विंडोज जे उत्तर देतं, ते जोडणी होताना समोरच्या कॉम्प्युटरने स्वतःबद्दल सांगितलेलं असतं. सोसायटीच्या गेटवर पाहुणा वॉचमनच्या वहीत ‘फ्लॅट ७’ लिहितो, तसं. कुठल्या सोसायटीतला फ्लॅट, ते वहीत येतच नाही. (भाच्याला शाबासकी द्या. या उत्तरात पत्त्याचे आकडे पहिले दोन बाइट सोडून सुरू होतात. नवखे तिथेच अडखळतात आणि शून्य-शून्यने सुरू होणारे भलतेच पत्ते छापत बसतात.)

पाहुणा खरोखर कुठल्या रस्त्याने आला, ते नेटवर्कला विचारायचं. कुणी आत असताना सर्व्हरवर कमांडची काळी खिडकी उघडा आणि नेटस्टॅट ही कमांड डॅश एन जोडून (netstat -n) चालवा. ज्या ओळीत तुमच्या बाजूच्या पत्त्यापुढे ३३८९ आहे, तो रिमोट डेस्कटॉपचा नेहमीचा पोर्ट, म्हणजे सर्व्हरवरच्या त्याच्या दाराचा क्रमांक. त्याच ओळीतला पलीकडचा पत्ता म्हणजे त्या मुलाच्या घरच्या इंटरनेटचा. तिथे सगळ्यांसाठी तुमच्याच राउटरचा पत्ता दिसला, तर राउटर मध्ये पडून मूळ पत्ता झाकतोय. मग नोंद राउटरमध्येच शोधावी लागेल.

नेटस्टॅट फक्त आत्ताचं सांगतो. रात्रीचं सकाळी बघायचं तर इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजच्या नोंदवह्या (लॉग) दाखवणारा प्रोग्रॅम. त्यात मायक्रोसॉफ्ट, विंडोज आणि मग टर्मिनल सर्व्हिसेस लोकल सेशन मॅनेजर अशा पायऱ्या उतरून ‘ऑपरेशनल’ लॉग उघडा. २१ क्रमांकाची नोंद म्हणजे नवं सेशन, २४ म्हणजे सुटलेलं, २५ म्हणजे पुन्हा जोडलेलं. युजरचं नाव आणि पत्ता तिथेच मिळतो. हा लॉग मुळात जेमतेम एक एमबीचा असतो आणि भरला की जुनं पुसून नवं लिहितो, तेव्हा त्याचा आकार आजच वाढवून ठेवा. गेल्या आठवड्याची ती सव्वाअकराची नोंदही आजच बघा.

कुणीतरी तुम्हाला ‘क्लायंटनेम बघा, सोपं आहे’ असंही सांगेल. त्यातून कॉम्प्युटरचं फक्त नाव कळतं, आणि तेही कधी कधी शिळं. भोसरीच्या एका कारखान्यात मी सर्व्हर सांभाळत होते, तेव्हा एका रात्री चुकीचा स्टॉक चढला. नोंदीत स्टोअरमधल्या एका मुलाच्या कॉम्प्युटरचं नाव होतं. त्याला साहेबांसमोर उभं केलं गेलं, आणि तो कागद छापून मीच दिला होता. खरं म्हणजे दुपारी त्याच्या कॉम्प्युटरवरून दुसऱ्याच कुणीतरी सेशन उघडलं आणि बंद न करता नुसतं सोडलं. रात्री त्याच माणसाने घरून तेच सेशन पुन्हा जोडलं. आधीपासून चालू असलेल्या प्रोग्रॅमला मात्र दुपारचंच नाव माहीत होतं. हे मला चार दिवसांनी उमगलं. तो मुलगा नंतर माझ्याशी कामापुरतंच बोलायचा.

म्हणून पत्ता हाती आला तरी तिघांपैकी कुणाला लगेच बोलवू नका. घरच्या इंटरनेटचा पत्ता बदलत असतो. काही कंपन्या तर एकच पत्ता अनेक घरांत वाटतात. पत्त्यावरून गाव सांगणाऱ्या साइट हडपसरच्या माणसाला खुशाल मुंबईत बसवतात. तिघं मिळून ‘ऑफिस’ हे एकच लॉगिन वापरत असतील (तुम्ही लिहिलं नाहीत, पण मला दाट शंका आहे), तर ते आधी बंद करा आणि प्रत्येकाला स्वतंत्र युजर द्या. हिशेबातली एंट्री कुणी बदलली, हे रिमोट डेस्कटॉपचा लॉग सांगणारच नाही. ते हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या एडिट लॉगमध्ये बघायचं. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना असा माग ठेवणारंच सॉफ्टवेअर वापरावं लागतं, हे तुमच्या कंपनी-ग्राहकांना तुम्हीच सांगत असाल.

आणखी एक. ३३८९ थेट इंटरनेटवर उघडा ठेवला असेल, तर इव्हेंट व्ह्यूअरमधल्याच सिक्युरिटी लॉगमध्ये ४६२५ क्रमांकाच्या नोंदी मोजा. त्या फसलेल्या लॉगिनच्या असतात. अनोळखी पत्त्यांवरून त्यांची रांग लागलेली दिसली, तर तुमच्या तीन मुलांपेक्षा त्या लोकांची काळजी करा. व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटवरून ऑफिसपर्यंतचा खाजगी बंद रस्ता, बसवून घ्या आणि प्रत्येक मुलाला त्यातला एक ठरावीक पत्ता नेमून द्या. मग लॉगमध्ये कोथरूडचा कोण आणि वाकडचा कोण, हे पत्त्यावरूनच ओळखता येईल. भाच्याला त्यासाठी एक रविवार पुरेल, जेवायला घालावं लागेल.